विरजणाची वंशावळ

शालन वारकेच्या घरची दह्याची वाटी उलटी धरली तरी दही खाली पडत नाही, अशी सगळ्या पाणंदवाडीत ख्याती होती. ही ख्याती पसरवण्यात खुद्द शालनचाच वाटा निम्म्याहून जास्त होता, हे खरं. पण वाटी उलटी धरल्यावर दही खरोखरच पडत नसे, त्यामुळे कुणाला बोलायला जागा राहत नव्हती. पाहुणा उंबरा ओलांडून टेकतो न टेकतो तोच ती वाटी आणायची, त्याच्या डोक्यावर पालथी धरायची आणि त्याचा चेहरा बघत उभी राहायची. बासष्ट वर्षांच्या बाईला एवढी गंमत तर हवीच.

"आत्याबाईंच्या हातचं विरजण हाय," ती सांगायची. आत्याबाई म्हणजे तिची सासू. "वाटणीत मडकं माझ्याकडं आलं. सव्वीस वर्षं झाली, एक दिस मोडलं न्हाई."

ती वाटणी गावाला अजून आठवते. थोरली जाऊ द्वारका वरच्या आळीतल्या नव्या घरात गेली, शालन जुन्या घरात राहिली. हंडे, कळश्या, परात, सगळं बिनबोभाट वाटून झालं आणि शेवटी चुलीशेजारचं काळं मडकं तेवढं उरलं. आत्याबाई म्हणाल्या, "हे धाकटीला जाऊ दे." द्वारका त्या मडक्यात बारा वर्षं दूध विरजत आली होती. तिनं त्यातलं वाटीभर विरजण आपल्यासाठी काढून घेतलं आणि जाता जाता म्हणाली, "ने की मडकं. हात कुठनं नेशील?"

एवढ्या एका वाक्यावर दोघी जावांचा सव्वीस वर्षांचा अबोला उभा होता. गावानंही तो अंगवळणी पाडून घेतला होता. हळदीकुंकवाला एकीला या टोकाला बसवायचं, दुसरीला त्या टोकाला, आणि वाणाची ताटं मधून फिरवायची. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पण तेही बायकांसमोर एकमेकांना नुसती मान हलवायचे. थोरला आनंदा आधी गेला. शालनचा विलास सहा वर्षांपूर्वी श्रावणात गेला.

विलास होता तोवर शालन दर चैत्रात माहेरच्या जत्रेला आठ दिवस जायची. जाताना त्याला दहा वेळा बजावायची, दूध कोमट झालं का बघ, मगच विरजण लाव. परत आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी मडकं उघडायची. दही नेहमीपेक्षा अंमळ घट्टच असायचं. "मी नसलो की जास्त चांगलं लागतंय की," ती म्हणायची, आणि विलास भिंतीकडं बघून हसायचा. तो गेल्यापासून ती जत्रेला गेली नव्हती. घरात दूध विरजायला दुसरं होतं कोण?

आता दह्याच्या या घरगुती गोष्टीत विज्ञान कुठून शिरलं, ते सांगायला हवं.

झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी देशभर पाकिटातलं दही लागायचं बंद झालं. डेअऱ्यांच्या टाक्यांत रात्री दूध भरावं आणि सकाळी ते दूधच असावं. कारण साधं होतं. सगळ्या डेअऱ्या प्रयोगशाळेत तयार केलेले तेच ते दोनचार जातींचे जिवाणू वापरत होत्या, आणि त्या जिवाणूंना खाणारा एक विषाणू बळावला होता. एका टाकीचं कुलूप त्याला उघडता आलं म्हणजे देशातल्या सगळ्या टाक्यांची कुलपं उघडत होती, कारण किल्ली एकच. मग शास्त्रज्ञांना खेड्यातली मडकी आठवली. प्रत्येक मडक्यातली वस्ती वेगळी, प्रत्येकीनं वेगवेगळे विषाणू पचवलेले. त्यातली सर्वांत जुनी, सर्वांत चिवट वस्ती शोधायची आणि तिच्यापासून नवं विरजण तयार करायचं, असं ठरलं.

म्हणून मार्गशीर्षातल्या एका धुकट सकाळी शर्वरी कुंभार नावाची अठ्ठावीस वर्षांची संशोधक पाणंदवाडीत उतरली. सोबत जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. दूध संस्थेच्या ओट्यावर बायका जमल्या. धुकं इतकं दाट होतं, की मागच्या रांगेतल्या बायकांचे नुसते आवाज येत होते.

"आम्ही तुमच्या दह्याचं ओमिक्स करणार आहोत," शर्वरी म्हणाली.

"ते आणि काय?" धुक्यातून कुणीतरी विचारलं.

शर्वरीला हा प्रश्न प्रत्येक गावात येत असे. "एका जिवाची सगळीच्या सगळी जनुकं वाचली, तर त्याला जीनोमिक्स म्हणतात. सगळी प्रथिनं वाचली, तर प्रोटिओमिक्स. ओमिक्स म्हणजे निवड करायची नाही, सगळं घ्यायचं. तुमच्या एका वाटीत शेकडो तऱ्हेचे जीव आहेत, त्यातला एकच उचलून अभ्यास केला तर काही कळत नाही. आणि तुमची एकटीची वाटी वाचून तरी काय कळणार? तालुक्यातल्या वीस हजार घरांची दही वाचायची, एकाशेजारी एक ठेवायची. मग कुणाचं विरजण कुणाकडून आलं, केव्हा आलं, सगळी वंशावळ दिसते."

"म्हंजे एकीला इचारायचं न्हाई, सगळ्यांस्नी एकदम इचारायचं," शालन पहिल्या रांगेतून म्हणाली.

"अगदी तसंच, मावशी."

"मग एकीचं खोटं पचायचं न्हाई."

"नाही पचत," शर्वरी हसून म्हणाली.

"बरं हाय की," शालन म्हणाली, आणि तिनं मुद्दाम मागं वळून वरच्या आळीच्या बायका कुठं उभ्या आहेत ते पाहिलं. धुक्यात काही दिसलं नाही.

शर्वरीनं पुढं सांगितलं, की ज्या घरच्या मडक्यात सर्वांत जुनी वस्ती सापडेल, त्या घराला 'मूळ घर' म्हणायचं ठरलंय, आणि नव्या विरजणाच्या प्रत्येक पाकिटावर त्या घरच्या बाईचं नाव छापणार आहेत. हे ऐकून ओट्यावर एकदम कालवा सुरू झाला.

ओमिक्स हा शब्द गावानं दोन दिवसांत आपलासा केला. माहितीपत्रकात त्याला चांगलं भारदस्त मराठी नाव दिलेलं होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. नवऱ्या मुलाची चौकशी करायची तर "पोराचं ओमिक्स केलंसा काय?" असं विचारू लागले. भावकीत भांडण लागलं, तर सरपंच नंदकुमार खोत म्हणायचे, "एकट्याचं ऐकून चालायचं न्हाई, ओमिक्स झालं पायजे." शब्द परका असला तरी गरज जुनीच होती.

नमुने गोळा करायचा दिवस गुरुवार ठरला. आणि इथं पाणंदवाडीच्या बायकांनी जे केलं, ते कुठल्याही शास्त्रज्ञाच्या स्वप्नात आलं नसतं. बुधवारी दुपारी पहिली बाई शालनच्या मागच्या दारी वाटी घेऊन आली. "आमचं जरा आंबूस झालंय. शहरातली पोरगी येणार, बरं दिसत न्हाई." मग दुसरी आली, तिचं पातळ झालं होतं. तिसरीला तार सुटत होती. पाहुण्यापुढं वाईट दही कोण ठेवील? शालननं सगळ्यांना विरजण दिलं, अगदी आनंदानं. तिच्याकडून नेलेलं त्यांनी पुढं शेजारणींना दिलं. संध्याकाळपर्यंत तिचं विरजण गल्लीगल्लीतून घरोघर पोचलं आणि थंडीत गोधड्यांखाली गुपचूप लागत राहिलं.

आठ दिवसांनी शर्वरी निकाल घेऊन आली. संस्थेच्या खोलीतले दिवे मालवले आणि तिनं डब्यातून भिंतीवर चित्र पाडलं. काळ्या भिंतीवर पांढरे ठिपके उमटले. एकेक ठिपका म्हणजे एकेक घर. मग ठिपक्यांतून पांढऱ्या रेघा सुटल्या, दुधाच्या धारेसारख्या, आणि सगळ्या हळूहळू वाहत एका ठिपक्यात मिळाल्या.

"एकशे बारा घरं. त्यातल्या एकशे अकरा घरांचं विरजण एका मडक्यातलं आहे. हे," शर्वरीनं ठिपक्यावर बोट ठेवलं, "शालन वारके."

"आणि ह्यो एकटा कुणाचा?" सरपंचांनी कोपऱ्यातल्या सुट्या ठिपक्याकडं हात केला.

"द्वारका वारके. ते बरंच आधी वेगळं झालेलं आहे."

शालनला त्या अंधारात तरंगल्यासारखं वाटत होतं. सगळं गाव आपल्या चुलीपासून सुरू झालेलं, आणि जिनं हाताची भाषा केली, ती तेवढी एकटी बाजूला. दुसऱ्या दिवशी चावडीवर फलक लागला. त्यावर शालनचा फोटो होता, हातात पालथी वाटी.

पण शर्वरीला त्या रात्री झोप आली नाही. चित्र फारच सुबक होतं, आणि खरी वंशावळ कधी इतकी सुबक नसते. तिनं आकडे पुन्हा काढले तेव्हा दिसलं, की एकशे अकरा घरं एकमेकांपासून वेगळी झाली ती शंभर वर्षांपूर्वी नव्हे, पन्नास नव्हे, गेल्या आठवड्यात. ती आधी घाबरली, मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मग ती एकटीच पोट धरून हसली.

पुढच्या सोमवारी ती न सांगता, सकाळी साडेसहाला, दारोदार फिरली. बायका जिभा चावत मूळची मडकी फळीमागून काढून देत होत्या. "आंबूस हाय हं," "हसू नगंस." आंबूस, पातळ, तारेचं, सगळं तिनं घेतलं. खरं दही ते होतं.

दुसरा निकाल तिनं गावासमोर लावला नाही. एका दुपारी ती एकटीच शालनच्या घरी आली. शालननं नेहमीप्रमाणं वाटी आणली, पण शर्वरीनं ती डोक्यावर धरायच्या आधीच हातात घेतली.

"मावशी, तुमच्या भांड्यांवर नावं घातलेली आहेत ना?"

"व्हय. कुणी दिलं, कधी दिलं, सगळं. का गं?"

"हे जिवाणू तेच करतात. विषाणूचा हल्ला झाला आणि त्यातून एखादा वाचला, तर तो त्या विषाणूच्या जनुकाचा तुकडा आपल्या अंगावर कोरून ठेवतो. पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून. पुढच्या पिढ्यांच्या अंगावरही ते नाव राहतं. आणि नावं रांगेनं असतात, आधी आलेल्याचं आधी, नंतरच्याचं नंतर. एका मडक्यातली नावं वाचली, तर साल कळत नाही. पण डेअरीनं तीस वर्षांचे नमुने तारीख घालून गोठवून ठेवलेत. तालुक्याची सगळी मडकी आणि ते नमुने एकत्र ठेवले, की कुठली साथ कुठल्या वर्षी आली ते कळतं. म्हणून मी म्हणत होते, सगळ्यांना एकदम विचारावं लागतं."

"बरं मग?"

"दोन मडकी वेगळी झाली, की तिथून पुढची नावं वेगळी होतात. तुमचं आणि द्वारकाबाईंचं मडकं एकच होतं ना?"

"सव्वीस वर्षांमागं."

शर्वरी वाटीकडं बघत राहिली. "मावशी, तुमच्या दोघींची नावं नुसती वाटणीपर्यंत जुळत नाहीत, पुढंही जुळतात. सहा वर्षांपूर्वीपर्यंत. तिथून पुढची फक्त वेगळी आहेत. त्याआधीची, वाटणीनंतरची वीस वर्षांची नावं जी त्यांच्या मडक्यात आहेत, तीच तुमच्यात आहेत. म्हणजे तुमचं विरजण सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडून आलंय."

शालनला आधी अर्थच लागला नाही. मग तिनं वाटी शर्वरीच्या हातातून काढून घेतली. "माझं मडकं कधी मोडलं न्हाई. त्या घराची पायरी मी चढल्याली न्हाई. तुजं यंत्र खोटं बोलतंय."

"यंत्राला तुमचं भांडण माहीत नाही," शर्वरी हळू म्हणाली. तिनं पिशवीतून पाकिटावर छापायच्या नावाचा कागद काढला. "सगळ्यांत जुनी वस्ती तुमच्या दोघींच्याच मडक्यांत निघाली आणि ती सारखीच आहे, त्यामुळे मूळ घर म्हणून दोघींपैकी कुठलंही नाव चालेल. फलक तुमचा लागलाय. सव्वीस की सहा, ते पाकिटावर कुणी छापत नाही. तुम्ही सही केलीत, तर मी काही बोलणार नाही. पण तुम्हाला न सांगता मला ते करवेना. आणि द्वारकाबाई परवा लेकीकडं बडोद्याला चालल्यात, कायमच्या. म्हैस देऊन टाकली त्यांनी. मडकंही उद्या पालथं घालणार, म्हणाल्या."

ती गेली. शालन कागद समोर ठेवून भिंतीला टेकून बसली. सही करायला एक क्षण पुरला असता. कुणाला कळणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती, भिंतीवरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी. तिचा डोळा लागला.

स्वप्नात गावातून दुधाची नदी वाहत होती. घरं होड्यांसारखी हलत होती आणि प्रत्येक घराच्या खिडकीतून एक हात बाहेर येऊन वाटी बुडवत होता. कुणाचा हात कुणाचा, ते कळत नव्हतं. नदीच्या काठाकाठानं विलास चालला होता, खांद्यावरचा टॉवेल पोटाशी धरून, टॉवेलाखाली काहीतरी लपवून, सांडू नये म्हणून पाऊल जपून टाकत. "काय हाय त्यात?" तिनं विचारलं. तो भिंतीकडं बघून हसला. नदीत भिंत कुठून आली, ते स्वप्नालाच ठाऊक.

ती दचकून उठली आणि बोटं मोजू लागली. सहा वर्षं. श्रावणात तो गेला. त्याच्या आधीचा चैत्र. ती माहेरी, तो घरात एकटा. आणि त्याआधीचा चैत्र, त्याच्याही आधीचा. जत्रेहून आल्यावर मडक्यात घट्ट दही, नेहमीपेक्षा घट्ट. तो गेल्यापासून ती जत्रेला गेली नाही, आणि तेव्हापासूनच नावं वेगळी झाली.

मग तिला वाटी आठवली. उठून तिनं फळीवरची भांडी खाली काढली. सगळ्यात मागं ती होती, पितळी, काळवंडलेली, काठावर 'सौ. द्वारका' असं कोरलेली. त्या शेवटच्या चैत्रात तिला ती मोरीत सापडली होती. "थोरलीची वाटी आपल्यात कशी?" तिनं विचारलं होतं. "वाटणीत चुकून आली असंल," विलास म्हणाला होता. "असू दे मग. परत देऊ नगा," असं तिनंच बजावलं होतं, आणि ती वाटी मागं ढकलली होती.

शालन त्या भांड्यांच्या पसाऱ्यात बसून रडली. नवऱ्यावर राग आला, स्वतःवर आला, आणि सगळ्यात जास्त राग त्या थोरलीचा आला, की फलक लागला तेव्हाही ती एक शब्द बोलली नाही. रडून झाल्यावर तिनं पेन शोधलं आणि कागदावर नाव लिहिलं: द्वारका आनंदा वारके. मग वाटी चिंचेनं घासली. भांडं परत करताना रिकामं करू नये, म्हणून त्यात गुळाचा खडा घातला.

वरच्या आळीला पोचेतो सांज झाली होती. डोंगरावरून धुकं उतरून अंगणापर्यंत आलं होतं. द्वारका तुळशीपुढं दिवा लावून नुकतीच उठत होती, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर. दारात दोन बोचकी बांधून ठेवलेली होती. शालन पायरीशी थांबली. द्वारकानं तिला पाहिलं, मग तिच्या हातातल्या वाटीकडं पाहिलं.

"मिळाली व्हय," ती म्हणाली. सव्वीस वर्षांनंतरचा तो पहिला शब्द, आणि तो वाटीविषयी. "मला वाटलंच, कधीतरी येईल."

"आक्का, त्यांनी किती येळा नेलं?"

"दर वर्साला." द्वारका पायरीवर टेकली. "पैल्या वर्साला त्यानं कढत्या दुधात विरजण घातलं. दुसऱ्या वर्साला मांजरानं सांडलं. तिसऱ्या वर्साला इसरलाच. मग मीच गुढीपाडव्याला वाटी तयार ठेवत होतो. दुपारच्याला मागच्या दारानं यायचा, टॉवेलाखाली घालून न्यायचा. म्हणायचा, वैनी, शालनला सांगू नगंस, ती लई मनाला लावून घेती."

"आणि तुमी सांगितलं न्हाई."

"शबूद दिलता."

"मी वाटी पालथी धरून गावभर मिरवलो, आक्का. तुमच्या दह्यावर."

"मिरव की. दही बरं लागत हुतं." द्वारका गुडघा चोळत म्हणाली, "सहा वर्सं झाली, तू एकटीच लावतीस. ते तुजं हाय. त्या कुंभाराच्या पोरीनं मला बी सांगितलंया."

शालननं कागद पुढं केला. द्वारकानं तो उघडून दिव्याच्या उजेडात आपलं नाव वाचलं, पुन्हा घडी घातली आणि बोचक्याखाली सरकवला, जसं वाऱ्यानं उडू नये म्हणून काहीही सरकवतात तसं.

"आक्का, मडकं उद्या पालथं घालू नगा. विरजण द्या जरा. माझ्यात मिसळतो. तुमचं बी राहील."

द्वारका तुळशीपुढच्या दिव्याकडं बघत राहिली. "दिवं लागलं की गं. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत न्हाईत. आत्याबाईंनी शिकवलंय, इसरलीस?"

शालन विसरली नव्हती. तिच्या हातातली वाटी खाली आली. सकाळी येते, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"बाहेर देत न्हाईत म्हटलं," द्वारका उठत म्हणाली. "तू बाहेर का उभी हाईस? आत ये. घरच्या माणसाला कवा बी देतात."

शालननं चपला काढल्या. त्या घरात ती पहिल्यांदाच जात होती, तरी चूल कुठं असेल ते तिला कळलं, कारण द्वारकानं ती जुन्या घरातल्यासारखीच, उगवतीच्या भिंतीला मांडली होती. भाच्यानं सकाळी आणून दिलेलं दूध कोपऱ्यात होतं. द्वारकानं ते तापवलं, खाली उतरवलं आणि पातेलं शालनपुढं सरकवलं.

"तू लाव. बघू दे मला तुजा हात."

शालननं करंगळी दुधात बुडवली. खिडकीबाहेर सगळं पांढरं झालं होतं.

"अजून थोडं निवू दे," द्वारका म्हणाली, आणि दोघी पातेल्याच्या दोन बाजूंना दूध निवायची वाट बघत बसल्या.